अळणीची नोंद

पुणे, १४ जुलै २००२

सौ. प्रयागवहिनी,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. घरात दिवसभर बायकोच्या पायात पायात करायला लागलो, तेव्हा तिनंच मला एका कोशमंडळात धाडलं. तिथं आम्ही सात-आठ म्हातारे खेड्यापाड्यातले शब्द गोळा करतो. पगार नाही, चहा मिळतो, तोही पांचट.

मला 'अ' अक्षर दिलंय. अढी झाली, अवदसा झाली, आणि 'अळणी'पाशी येऊन गाडं अडलंय. जुन्या कोशात 'मीठ नसलेले' एवढंच आहे. तीन आठवडे कार्ड समोर घेऊन बसतो आणि कोरंच परत ठेवतो. तुमचं माहेर घोडेगावचं, सासर डिंगोऱ्याचं. आंबेगाव आणि जुन्नर, दोन्ही तालुके तुमच्या एका जिभेवर. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी सातवीत होतो आणि तुमची जीभ काय चीज आहे ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तेव्हा बायका हा शब्द कुठं कुठं, कसा कसा वापरतात ते लिहून पाठवा. फोन नको. डेअरीतल्या फोनवर तुम्ही बोलता आणि अर्धं गाव ऐकतं. दादाला नमस्कार.

तुमचा
भगवंत

*

डिंगोरे, २९ जुलै २००२

भाऊजी,

तुमचं पत्र ह्यांनी आधी वाचलं आन् माझ्याकडं टाकलं. म्हणले, "घे, मास्तरनी तुला परीक्षेला बसवलीय." मी सातवी शिकलेली बाई, तुमच्या कोशाला माझं काय पुरणार! पण इचारलंय तर सांगते. मी बोलते तशीच लिहिते, हसू नका.

पहिलं ध्यानात घ्या, अळणी आन् बेचव एक न्हाई. तुमी शहरातली माणसं सगळ्यालाच बेचव म्हणता. बेचव व्हतं ते तोंड, ताप येऊन गेल्यावर. मग साखर दिली तरी माती लागती. अळणी असती ती भाजी. तिच्यात तेल हाय, तिखट हाय, लसूण हाय, रांधणारीचा हात हाय, एक मीठ तेवढं न्हाई. सपक म्हंजे तिखट कमी. पांचट म्हंजे पाणी जास्त. हे चार डबे वेगवेगळे ठेवा, सरमिसळ करू नका.

मटण शिजलं की वाटण घालायच्या आधी पोरांना वाटीत काढून देतो, ते अळणी पाणी. त्यात मीठ असतं बरं का, तरी त्याला अळणीच म्हणायचं. का ते मला इचारू नका, तुमच्या कोशातल्या म्हाताऱ्यांना इचारा.

माणूसबी अळणी असतं. भावकीतल्या कुशाबाच्या पोराला पोरगी बघायला गेलतो. परत येताना तुमच्या बहिणाबाई, सखूबाई, काय म्हणल्या? "पोरगी गोरी हाय, पण अळणी हाय." म्हंजे हसली न्हाई, बोलली न्हाई, मान खाली घालून नुसती पोहे देत राहिली. लेक माहेरी आली न्हाई तर दिवाळी अळणी गेली म्हणतो. बायका शनिवारी अळणी उपास धरतात.

आन् दहाव्याच्या पिंडाचा भात अळणी. गेलेल्या माणसाला मीठ चालत न्हाई म्हणतात. ते मिठाला भितं, मीठ असंल तिथं येत न्हाई. असं लोक म्हणतात. मला काय तसं वाटत न्हाई. ज्याला मागायचंय ते येतंच आन् मागतंच.

असू द्या. दूध उतू चाललंय. एवढ्यावर किती मार्क देता ते कळवा.

प्रयागबाई

*

पुणे, ११ ऑगस्ट २००२

सौ. वहिनी,

शंभरपैकी शंभर. तुमचं पत्र मंडळात मोठ्यानं वाचून दाखवलं. अळणी पाण्यात मीठ असतं यावर म्हाताऱ्यांची अशी जुंपली की चहा गार झाला. चार डब्यांचं तर मी जसंच्या तसं उतरवून घेतलंय.

पण तुमचं शेवटचं वाक्य मला सुटत नाही. 'ज्याला मागायचंय ते येतंच आन् मागतंच.' हे कुणाबद्दल लिहिलंत?

वहिनी, आईनं शेवटचे आठ महिने अळणीच खाल्लं. पायाला सूज, म्हणून डॉक्टरांनी मीठ तोडलं. तिचं सगळं तुमच्याच हातून व्हायचं. मी इथं पुण्यात, महिन्यातून एकदा येऊन तास-दोन तास बसणार आणि शेवटची गाडी पकडणार. जेवताना ती काय म्हणायची? शेवटच्या महिन्यात काय म्हणायची? नोंदीला एखादं खरं वाक्य असलं म्हणजे बरं असतं. दादाला हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.

भगवंत

*

डिंगोरे, २७ ऑगस्ट २००२

भाऊजी,

शब्द इचारता इचारता तुमी कुठं शिरलात ते मला कळलं. मी येडी न्हाई.

आत्याबाईंना डाक्टरनी सांगितलं तेच दिलं. शेवटच्या सांजंला दूधभात दिला. ह्यांनी तवाच इचारलं व्हतं, तवाबी हेच सांगितलं. मी दुसरं काय दिलेलं न्हाई. अकरा वर्षांनी तुमाला संशय आला असंल तर सरळ येऊन पंच बसवा. कार्डं कशाला लिहिता?

आता मला शब्द इचारू नका.

प्रयागबाई

*

पुणे, २ सप्टेंबर २००२

सौ. वहिनी,

तुम्ही काही दिलंत का, असं मी विचारलंच नव्हतं. तुमच्यावर माझा कसलाच संशय नाही. जो आहे तो माझा माझ्यावर. शब्दाची नोंद हे निमित्त होतं, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. आता सगळं सांगतो. हे पत्र वाचून तुम्ही माझं तोंड बघणार नाही असं म्हणालात तरी चालेल.

नव्वदच्या डिसेंबरात मी आईला पुण्याला दाखवायला आणलं होतं, आठवतं? डॉक्टरांनी तपासलं, तिला बाहेर बाकावर बसवायला सांगितलं आणि मला म्हणाले, "मास्तर, आता पथ्य पुरे. महिना, फार तर दीड महिना. मीठ खाल्लं काय, न खाल्लं काय, आता फरक पडायचा नाही. म्हातारी जे मागेल ते द्या."

मी बाहेर आलो. आई बाकावर पाय हलवत बसली होती, लहान मुलीगत. मला म्हणाली, "काय म्हणला रे? मीठ चालू केलं का?"

मी म्हणालो, "नाही आई. अजून थोडे दिवस."

वहिनी, हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं. ओतूरच्या स्टँडवर दादा आम्हाला न्यायला आला होता. त्यानंही तेच विचारलं. त्याला मी म्हणालो, "आहे तसंच चालू ठेवा." आता मीठ द्या असं सांगितलं असतं तर तिथल्या तिथं त्याला कळलं असतं की आई चालली. त्याचा तो चेहरा बघायची माझ्यात हिंमत नव्हती. आणि खरं सांगू? मी बोललो नाही तोवर ते खरं नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. पत्रानं कळवू म्हटलं. कार्ड लिहिलं, चार दिवस खिशात घेऊन हिंडलो आणि फाडलं. जानेवारीत तुमची तारच आली.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. दोन तास आपण सगळे उन्हात उभे. दादा म्हणाला, सखूला अंतर देणार नाही. सखू म्हणाली, आई, माझी काळजी करू नको. कुशाबा म्हणाले, तुझी म्हैस विकणार नाही. कावळे बाभळीवर बसलेले, एक खाली उतरेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मला ठाऊक होतं तो का येत नव्हता. एक वाक्य बोललो असतो तर आला असता. मी मान खाली घालून उभा राहिलो.

म्हणून विचारतो. तिनं मागितलं का? किती वेळा मागितलं? काय शब्दांत? मला ते ऐकायला हवंय. मी सोडून सगळ्यांनी ऐकलंय.

भगवंत

*

डिंगोरे, ९ सप्टेंबर २००२

भाऊजी,

तुमचं पत्र गोठ्यात जाऊन वाचलं. फाडावं वाटलं, पण ती तुमची खोड, मला कशाला लावून घेऊ.

मागितलं का, म्हणता? रोज मागितलं. आधी दटावून, मग लाडीगोडीनं, मग रडून. म्हणायच्या, "पोराच्या ताटातला उष्टा तुकडा दे गं, त्याला लागलेलं असंल." मी मिठाचं मडकं शेजारी प्रयागबाईच्या, माझ्याच नावाची ती, तिच्या घरी नेऊन ठेवलं. आठ महिने तिच्याकडून मूठभर आणून सैपाक केला, कारण घरात मडकं दिसलं की आत्याबाई सरकत सरकत तिथं जायच्या. मी त्यांचा हात धरून मागं ओढलाय, भाऊजी. त्या मनगटात काय व्हतं? नुसतं कातडं.

आता मी खोटं लिहिलं ते खरं सांगते. त्या सांजंला हे ओतूरला गेलते. आत्याबाई म्हणल्या, "प्रयागा, मी तुझ्या पाया पडते," आन् खरंच वाकल्या. सासूनं सुनंच्या पाया पडायचं! मी पळत जाऊन मीठ आणलं. बाजरीची ताजी भाकरी, लसणाचा ठेचा, त्याच्यावर चांगली जाड चिमूट. अर्धी भाकरी खाल्ली. बोटं चाटली. म्हणल्या, "आता लागलं गं." आन् पहाटं गेल्या.

दूधभात बितभात काय न्हाई.

अकरा वर्षं मी सासू मारली म्हणून जगते. ह्यांनी ताटलीला लागलेला ठेचा बघितला व्हता. "काय दिलं व्हतंस?" म्हणले. मी दूधभात म्हणाले. त्यांनी मान हलवली आन् पुन्हा कधी इचारलं न्हाई. पण भाद्रपदात पितरांच्या म्हाळाला आईचं पान करायला सखूबाई येतात. दर साली. मी चुलीला लाकडं सारते, भांडी घासते, पानाला हात लावत न्हाई. का, ते मला कुणी सांगितलं न्हाई, आन् मीबी इचारलं न्हाई. दहाव्याला तुमी नदीवर मान घालून उभं व्हता, मी बायकांच्या घोळक्यात उभी. मला वाटत व्हतं पिंड माझ्या हातचं हाय म्हणून कावळा येत न्हाई. तुमाला वाटत व्हतं तुमच्यामुळं. काय म्हणावं या कर्माला!

तवापासून माझ्यापुरती भाजी मी मीठ घालायच्या आधी काढून घेते. लोकांना वाटतं बीपी हाय.

आन् त्या येतात. दिवेलागणीला चुलीपाशी बसले की मागून इचारतात, "मीठ घातलंस का गं?" रोज. पहिल्या साली मी ओरडून अंगणात पळायचे. भगताचा अंगारा झाला, ओझरच्या गणपतीला नारळ झाला. काय उपयोग न्हाई. मग मी वळून बघायचं सोडलं. नुसतं म्हणते, "घातलं, आत्याबाई." मग त्या गप व्हतात.

डाक्टरचं ते बोलणं तुमच्या खिशात व्हतं, भाऊजी. ते मला दिलं असतं तर मी एक दिवस चोरून कशाला दिलं असतं? महिनाभर ताट भरून दिलं असतं. म्हातारी तृप्त होऊन गेली असती आन् मी मोकळी राहिले असते. तुमी एकटं भ्यालात आन् त्याचं वझं मी वाहिलं.

माझी माफी मागू नका. तुमी इथं या आन् ह्यांच्या समोर बोला. कागदावर न्हाई, तोंडानं.

प्रयागबाई

*

पुणे, १४ सप्टेंबर २००२

सौ. वहिनी,

बावीस तारखेच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. दादाला आधी काही सांगू नका. साठी उलटली तरी त्याच्यासमोर उभं राहायचं म्हणजे मी अजून सातवीतलाच होतो. वाटेतून परत फिरावंसं वाटेल. पण फिरणार नाही.

तुम्ही दिलंत, वहिनी. मी हे वाक्य दिवसातून दहादा वाचतो. तिला कुणीतरी दिलं.

भगवंत

*

डिंगोरे, ३ ऑक्टोबर २००२

भाऊजी,

तुमी आलात, ओसरीवर उभ्या उभ्या बोललात आन् घोटभर पाणी पिऊन गेलात. च्या ठेवला व्हता, तो तसाच राहिला. तुमी फाट्याकडं गेल्यावर पुढं काय झालं ते कळायला पाहिजे म्हणून लिहिते.

हे उठले, परसात गेले आन् भर उन्हात लाकडं फोडत बसले. सत्तरीला टेकलेलं वय! दोन दिवस माझ्याशी शब्द न्हाई. मला वाटलं, संपलं, आता हे मला माहेरी धाडतील. मंगळवारी जेवता जेवता हात थांबला. म्हणले, "अकरा साल हे तू एकटीनं वागवलंस?" मी म्हणाले, "तुमी इचारलं न्हाई." तर म्हणले, "भ्यालो व्हतो. तू व्हय म्हणली असतीस तर मी काय केलं असतं?" दोघं भाऊ सारखेच तुमी. मला राग आला, लई राग आला, आन् मग रडूच आलं. तेबी रडले. या वयात शोभत न्हाई, पण रडलो.

म्हाळाला सखूबाई आल्या, आल्या आल्या पदर खोचला. हे म्हणले, "सखू, तू बस. आईचं पान ही करंल." सखूबाई पाटावर जाऊन बसल्या आन् लसूण सोलायला घेतला. मी खीर केली, वडे केले, कढी केली, आन् रीत नसली तरी बाजरीची भाकरी आन् ठेचा केला. पान पत्र्यावर ठेवलं ते ह्यांनी. कावळा आला का, ते मी बघितलं न्हाई. मी पंगतीला वाढत व्हते.

सगळे उठल्यावर माझं पान घेतलं आन् सगळ्यांच्यातलीच भाजी वाढून घेतली. अकरा वर्षांनी मीठ. पहिला घास इतका खारट लागला की डोळ्यातून पाणी आलं. पण पान चाटूनपुसून खाल्लं.

हे म्हणतात, दिवाळीला भगवंतानं यायचं, न आला तर मी पुण्याला जाऊन कान धरून आणीन. तुमी या. मी तुमाला माफ केलं असं लिहीत न्हाई, कारण अजून तसं झालेलं न्हाई. झालं की कळवीन. पण जेवायला या.

आता एक सांगायचं राहिलं. त्याच्यासाठीच हे पत्र.

तुमी येऊन गेलात त्या सांजंपासून आत्याबाई माझ्याकडं आल्या न्हाईत. अकरा वर्षांत एक दिवस चुकल्या नव्हत्या. मी दिवा लावते, चुलीपाशी बसते, कान देऊन वाट बघते. परवा मीच मोठ्यानं म्हणाले, "घातलंय, आत्याबाई." मागून कुणी हूं केलं न्हाई. इतकी वर्षं भ्याले त्यांना, आन् आता घर कसं मोकळं मोकळं लागतंय.

मला वाटतं, त्या तुमच्याच गाडीत बसून पुण्याला गेल्या. लेकाचं घर हाय, जाणारच. आल्या असतील तर घाबरू नका, पळू नका, भगताला पैसे देऊ नका. वळून बघायचं न्हाई. त्या इचारतील, "मीठ चालू केलं का रे?"

या खेपेला त्यांना व्हय म्हणा, भाऊजी.

प्रयागबाई